दहा ओळींचा अल्बम

नंदाखाल गावातल्या दयारामांच्या वाडीत केळींच्या दहा ओळी होत्या आणि त्यांना पाणी अल्बमवर मिळायचं. गावातल्या भजनी मंडळाने कधीकाळी दहा भजनांची कॅसेट काढली होती. बावखलावरची, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरची, मोटर सुरू केली की दयाराम ती कॅसेट लावत. एक भजन संपलं की पाइप पुढच्या ओळीत. तिसरी ओळ रेताड, तर तिसरं भजन अकरा मिनिटांचं. पाचवीत पाणी साचायचं, तर पाचवं चार मिनिटांत आटपायचं. हा योगायोग की देवाची कृपा, यावर घरात दोन मतं होती. दयारामांकडे घड्याळ होतं, पण ते लग्नाला घालायचं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघताना त्यांनी मितेशला बोलावलं. हा त्यांचा मुलगा. अंधेरीच्या ऑफिसला विटला होता आणि वाडी मिळावी म्हणून वर्षभर मागे लागला होता.

"दहा दिवस सांभाळ. जमलं तर वाडी तुझी, नाही तर पूर्वी आहेच."

पूर्वी म्हणजे धाकटी बहीण, आगाशीला दिलेली. दयाराम दहा दिवस तिच्याकडेच राहणार होते.

पहिल्याच सकाळी टेपने कॅसेट खाल्ली. मितेशला ॲपवर अख्खा अल्बम सापडला. मंडळात गाणाऱ्या बुवांच्या नातवाने टाकला होता. त्या दिवशी त्याने दहाच्या दहा ऐकली. दुसऱ्या दिवशी तिसरं सुरू झालं. त्यात सहा मिनिटं नुसती पेटी वाजते, मग बुवा खोकतात, मग पुन्हा पेटी. मितेशने ते अंगठ्याने पुढे ढकललं आणि पाइपही पुढे नेला. पाचवं मात्र त्याला फार आवडलं. ते तो दोनदा ऐके, कधी तीनदा. ॲप फुकटचं, त्यामुळे सहाव्यानंतर बनियनची जाहिरात लागे आणि पाइप तोवर सहावीतच.

"ऑफिसातही असंच काम करतोस का रे?" बायकोने, अक्षयाने, विचारलं.

"तिथे पुढे ढकलता येत नाही ना."

अकराव्या दिवशी दयाराम काळा चष्मा लावून आले, पूर्वीचा हात धरून. चपला काढून ओळींतून चालू लागले, अंगठ्याने माती दाबत.

"तिसरं ऐकलं नाहीस."

"एकदा ऐकलं, आबा."

पाचवीत त्यांचा पाय घोट्यापर्यंत गेला. "हे आवडलेलं दिसतंय."

"चांगलं आहे."

"आहेच. मलाही तेच आवडतं." ते सहावीत थांबले. "इथे काय झालं?"

"जाहिरात."

"कशाची?"

मितेशने सांगितलं. दयारामांनी त्या केळींकडे चष्म्यातून बराच वेळ पाहिलं.

"वाडी पूर्वी बघेल," ते म्हणाले.

"मला नको," पूर्वी म्हणाली. "मला भजनं मुळीच आवडत नाहीत."

"म्हणून तर. तुझं कुठलंच दोनदा लागायचं नाही."

"आणि दादाचं काय? तो परवा राजीनामा देऊन बसलाय."

दयारामांना हे नवीन होतं. अक्षयालाही.

"मग येऊ दे रोज," दयाराम म्हणाले. "पाइप उचलायला माणूस लागतोच. गाणी तू लाव."

पूर्वीने मितेशचा फोन घेतला, मोटर सुरू केली, पहिलं भजन लावलं आणि शोकसभेला बसावं तशी बांधावर बसली. तिसरं आलं तेव्हा मितेश वाळलेल्या ओळीत पाइप धरून उभा होता. पेटी वाजली. बुवा खोकले. पेटी वाजली.

"किती राहिलं गं?"

पूर्वीने फोनकडे पाहिलंही नाही.

"पाणी बघ," ती म्हणाली.