ताणलेला दोर

सारंगखेड्याला हेमकांतचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पाणबुडी मोटारी लोक खांद्यावर आणून टाकत, आणि आजारी म्हातारीला दवाखान्यात सोडावं तसं दोनदा मागे वळून बघत जात. मोटारीच्या पोटातून निघालेली तांब्याची तार दुकानात सगळीकडे असायची. चहाच्या कपात, चपलेत, एकदा तर भाकरीतही निघाली होती. तालुक्यात रणगाड्यांची छोटी मॉडेलं करणारा तो एकटाच माणूस होता, म्हणून त्याची स्पर्धाही कुणाशी नव्हती आणि कौतुकही कुणी करत नव्हतं. लोकांना वाटे, लहानपणी खेळणी मिळाली नसतील.

पहिलं मॉडेल त्याच्या थोरल्या भावाने, उमाकांतने आणलं होतं. उमाकांत फौजेत रणगाड्यांच्या दुरुस्तीवर होता. सुटीवर येताना तो एक खोका घेऊन आला आणि दोघा भावांनी ओट्यावर बसून खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा प्लास्टिकचा रणगाडा जोडला. सगळं बरं जमलं. फक्त शेवटी बाजूला लावायला ओढायचा दोर म्हणून खोक्यात पांढऱ्या सुताचा एक तुकडा निघाला. उमाकांतने तो चिमटीत धरून उजेडात बघितला.

"हाऊ दोर शे का? याले बोकड्या बांधा तं तो बी हासी."

तेव्हापासून त्या रणगाड्याला दोर नव्हता. पुढच्या सुटीत करू, असं ठरलं होतं.

उमाकांत वारला तो वाळवंटातल्या सरावात. लढाई नव्हती. वाळूत रुतलेला एक रणगाडा दुसऱ्या रणगाड्याने ओढून काढत होते आणि ताणलेला तारेचा दोर तुटला. शवपेटीबरोबर आलेल्या जवानाने मागच्या अंगणात उभं राहून एवढंच सांगितलं. ऐकायला हेमकांत होता आणि उमाकांतची बायको रंजनाबाई होती. जवान शेवटी म्हणाला, "दोरावर टाकायला काहीतरी आणतो म्हणून भाऊ वळले होते." मग तो टोपीच्या कडेशी चाळा करत राहिला.

दोरावर काय टाकायचं असतं हे त्याला या दोघांना समजावून सांगावं लागलं नाही. ऊसतोडीच्या दिवसांत काळ्या मातीत भरलेली ट्रॉली रुतली की पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडतात, मध्ये तारेचा दोर, आणि ओढण्याआधी दोराच्या मधोमध ओलं पोतं टाकतात. दोर तुटलाच, तर पोत्याच्या वजनाने खाली पडतो, माणसावर येत नाही. उमाकांत फौजेत जाण्याआधी ट्रॅक्टर चालवायचा. पोतं टाकल्याशिवाय गियर टाकायचा नाही. लोक म्हणत, एवढा जीवाला जपणारा माणूस फौजेत जाऊन काय करणार.

सरकारी कागदावर 'कर्तव्यावर असताना निधन' असं होतं. गावाला ते अपुरं वाटलं. गावाने कसलाही गाजावाजा न करता त्यात एक शत्रू घातला. आधी तो सीमेपलीकडून नुसता बघत होता, मग गोळी झाडायला लागला, आणि चौकाला उमाकांतचं नाव द्यायचं ठरलं तोवर त्याची अख्खी तुकडी तयार झाली होती. स्मारक समितीचे अध्यक्ष गुलाबसिंगबापू. माणूस वाईट नव्हता. बापू मंचावर प्रमाण मराठी बोलत आणि खाली उतरताना शेवटच्या पायरीवर अहिराणीत येत. त्यांनी बोर्ड रंगवून घेतला, 'शत्रूशी झुंजताना वीरमरण', आणि बोर्डाखाली काचेच्या पेटीत ठेवायला हेमकांतकडे रणगाडा मागितला.

"तोफ वर पाहिजे," बापू दुकानात स्टुलावर बसत म्हणाले. "तोंड पश्चिमेला."

"बापू, भाऊनं काम दोरनं व्हतं."

"दोर कसाले पाहिजे? रनगाडा शे, ऊसनी ट्रॉली नही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हेमकांत, माले बी कळस रे. पन लोके फसेल गाडी काढनारले चौक देतस का?"

लोक देत नाहीत हे हेमकांतलाही माहीत होतं. भावाच्या नावाचा चौक त्यालाही हवा होता. एस.टी.चा कंडक्टर ते नाव घेऊन घंटी मारेल, हे त्याचं मनातल्या मनात ऐकूनही झालं होतं.

घरी रंजनाबाईने एवढंच म्हटलं, "लढाईमा नही गयात त्या, भाऊ. फसेल गाडी काढाले गयात. तेच दखाडा." आणि ती पीठ चाळायला बसली. इतके दिवस स्मारकाबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. फोटो मात्र तिच्याकडूनच नेला होता.

हेमकांतने मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढणारा माणूस स्वतःला शहाणा समजतो, तसा तोही समजला. रणगाडा एकच, तोफ वर, पण बाजूला एक दोर गुंडाळून लावायचा. बापूंना तो दिसणार नाही, वहिनीला दिसेल.

दोर करायला घेतला आणि पहिल्याच दिवशी धंद्याची सवय आडवी आली. रिळावरची नवी तार त्याने तशीच पिळली. वायंडिंगच्या तारेवर वार्निश असतं, मोटारीत ते लागतंच. दोर झाला तो लग्नातल्या माळेसारखा चकाकणारा, आणि त्यावर रंग धरेना. मग त्याने तार गॅसवर धरून वार्निश जाळलं. तार काळी पडली, मऊ झाली. बारीक तारांची पेडं करून एक टोक शिकंज्यात आवळलं, दुसरं हाताच्या ड्रिलला अडकवलं आणि पिळलं. सोडल्याबरोबर दोर सापासारखा वळवळला आणि उलगडून बसला. मोटारीच्या वायरी तो जन्मभर एकाच बाजूने पिळत आला होता. वायरीला ते चालतं. पोळ्याला बैलांसाठी दोर वळताना वडील एकेक पेड उजवीकडे पिळत आणि मग सगळी पेडं मिळून डावीकडे, हे त्याला आठवलं, पण तार वाया गेल्यावर. त्याने तसं केलं तेव्हा दोर दोरासारखा पडून राहिला. टोकांना अडकवायचे डोळे वळवले, कथलाचा डाग दिला, गंजाचा रंग लावला आणि पेन्सिलीचं शिसं घासलं. हात लागून लागून तार जिथे घासते तिथे फिकी चमक आली. त्याला वाटलं, आता बोकड हसणार नाही.

रंजनाबाई दुकानात आली ती जेवणाचा डबा ठेवायला. पदराला हात पुसून तिने रणगाड्याकडे वाकून पाहिलं. तोफ पाहिली, मग बाजूला नीट वेटोळं घालून बांधलेला दोर पाहिला.

"चांगला व्हयना," ती म्हणाली. "पन हाऊ दोर आराम करी ऱ्हायना."

आणि गेली. भांडली असती तर हेमकांतने बाजू मांडली असती. त्याच्याकडे बाजू तयार होती.

त्याने वेटोळं सोडलं. उमाकांतबरोबर जोडलेला जुना रणगाडा घरून आणला, ज्याला दोर लावायचा राहिला होता. तो पोटापर्यंत वाळूत घातला. तापीची वाळू त्या मापात धोंड्यांसारखी दिसत होती, म्हणून विटेची भुकटी रंजनाबाईच्या चाळणीतून चाळली. पीठ चाळायला तिने नंतर नवी चाळणी आणली. समोर नवा रणगाडा, तोफ मागे वळवलेली, ओढताना फिरवून ठेवतात तशी. दोघांच्या मध्ये दोर.

ताणलेला दोर करणं वेगळंच निघालं. सरळ ठेवला की तो सळईसारखा दिसायचा. किंचित झोल ठेवला की कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. ओढ दिसली पाहिजे होती. शेवटी त्याने दोर खरोखरच ताणला, पेडं एकमेकांत रुतेपर्यंत. ताणताना मध्ये एक बारीक तार तुटून काट्यासारखी वर आली. त्याने ती कापायला पक्कड उचलली, आणि मग खाली ठेवली. माणसं त्याने मुद्दामच ठेवली नाहीत. कुणाला कुठे उभं करायचं, हे त्याच्याने झालं नाही.

अनावरणाला जिल्ह्याहून प्रमुख पाहुणे आले. त्यांनी शत्रूबद्दल पुष्कळ सांगितलं. गावाला ठाऊक नव्हत्या अशाही गोष्टी सांगितल्या. मग पडदा ओढला गेला आणि टाळ्या सुरू होऊन अर्ध्यावर थांबल्या. बापूंनी काचेत पाहिलं. तोफ मागे होती. बापूंची मान हळूहळू हेमकांतकडे वळली. हेमकांत स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

लोक पेटीभोवती जमले. बहुतेक सगळे ऊसवाले, ड्रायव्हर, तोडणी मजूर. पुढे आलेली माणसं काचेजवळ पोचली आणि हळूच आजूबाजूला सरकली, मागून येणारीही सरकली. थोड्या वेळाने पेटीच्या दोन्ही टोकांना आणि दोराच्या अंगाला मोकळी जागा पडली. जत्रेत घोडा लाथ मारेल म्हणून सोडतात तेवढी. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. त्या जागेत एकटे पाहुणे उभे होते, फोटोसाठी.

धुडकू ड्रायव्हरने पुढे होऊन त्यांच्या कोपराला धरलं. उमाकांतच्या हाताखाली तो ट्रॅक्टर शिकला होता.

"साहेब, आठे, बाजूले या. दोर ताणेल शे."

पाहुणे हसले. दुसरं कुणी हसलं नाही, म्हणून तेही थांबले आणि बाजूला आले. धुडकूने काचेतली ती वर आलेली तार पाहिली, मग वरचा बोर्ड पाहिला, मग रंजनाबाईकडे पाहून डोक्यावरची टोपी काढली. त्याच्यामागे आणखी टोप्या निघाल्या. अख्खी तुकडी घेऊन आलेला शत्रू तिथल्या तिथे कुठेतरी निघून गेला.

आभारप्रदर्शनात बापूंनी शत्रूचं नाव काढलं नाही. त्यांच्या भाषणाची पद्धत पाहता हा मोठाच त्याग होता. खाली उतरल्यावर ते हेमकांतजवळ येऊन थांबले. "माले आधी सांगं असतं तं मी नही म्हनतू," ते म्हणाले. आणि जाताना वळून, "बरं झायं, सांगं नही." बोर्ड मात्र तसाच राहिला. रंगवलेला बोर्ड गाव सहसा खोडत नाही.

मंडप सुटला, खुर्च्या ट्रॉलीत चढल्या. रंजनाबाई पेटीपाशीच उभी होती, इतरांनी सोडलेल्या जागेत.

"भाऊ, काच उघडा."

हेमकांतने किल्ली लावली. तिने पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं. पोत्याचा तुकडा होता, नखाएवढा, कडा दुमडून शिवलेला. उसवू नये म्हणून तिने त्याला बारीक टाके घातले होते.

"पोतं ऱ्हायी गयं," ती म्हणाली.

"त्या दिन नव्हतं, वहिनी." आतापर्यंत त्याने सगळं खरं ठेवलं होतं.

"माले माहीत शे."

तिने बोट जिभेला लावून तो तुकडा ओला केला आणि दोराच्या मधोमध, त्या तुटलेल्या तारेवर, ठेवला. दोर केसभर खाली दबला. तिने हात काढून घेतला, थोडा वेळ पाहिलं, आणि हेमकांतने काच लावली.