सत्ताविसावी तळटीप

मी एक तळटीप बोलतेय. सत्तावीस नंबरची. पुस्तकात मला शोधू नका, मी तिथे नाही.

माझा लेखक प्रयोगशील. त्याच्या कादंबरीतला नायक तीच कादंबरी लिहीत बसलेला असतो आणि घडोघडी कुठल्यातरी पुस्तकातला उतारा देतो. ती पुस्तकं कुणी लिहिलेलीच नाहीत. नावं लेखकाच्या मनची, पानांचे आकडेही मनचे. खाली चाळीस तळटिपा, त्यातल्या एकोणचाळीस धादांत खोट्या. खरी मी एकटी.

त्याचं असं झालं. एका पानावर लेखकाला काही केल्या ओळ सुचेना. त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची आणि मापांच्या वहीत मागच्या बाजूनं काहीबाही लिहायची. त्यातली त्यानं एक मागितली: ‘घर झाडताना मी रोज थोडी थोडी बाहेर पडते.’

"घे की," ती म्हणाली. "फक्त खाली माझं नाव टाक."

त्यानं टाकलं. तोच माझा जन्म.

पुढे छापखान्याचा निरोप आला, दोन पानं जास्त होताहेत. संपादकांनी लेखकाला फोन केला.

"पाच-सहा तळटिपा उडवू का? एवीतेवी सगळ्या खोट्याच आहेत."

"उडवा कुठल्याही." तो तेव्हा मुखपृष्ठाच्या रंगावरून चित्रकाराशी हुज्जत घालत होता.

संपादकांना मी दोष देत नाही. असल्या संगतीत मला खरी कोण मानणार? लाल पेनाची एक रेघ, संपलं.

पुस्तक आलं. बहिणीनं शिवण बाजूला ठेवून आधी तेच पान काढलं. ओळ वाचली, मग नजर खाली नेली. खाली नुसता पानाचा आकडा होता.

"माझं नाव?"

लेखकाचा चेहरा पडला. "गडबडीत राहिलं गं ताई. आणि छापलं असतं तरी लोकांना वाटलं असतं, तूही मीच रचलेली."

"वाटू दे की," ती म्हणाली. "निदान असते तरी."

मला फार वाईट वाटलं.

ती ओळ मात्र गाजली. एका समीक्षकानं तर ती कुठल्या जुन्या ग्रंथातून घेतलीय, हेही शोधून काढलं. लेखकानं त्याला खोडून काढलं नाही.

सध्या मी संपादकांच्या खणात, रद्द मुद्रितांच्या गठ्ठ्यात पडून आहे. दुसऱ्या आवृत्तीत मला परत घ्यायचं म्हणतात. घेतलंच, तर वाचकहो, ते नाव वाचून हसून पुढे जाऊ नका. ती बाई खरंच आहे. शंका असेल तर कपडे शिवायला टाकून बघा. दिलेल्या तारखेला देते.