दुपारी दोनचं कोमट पाणी

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. भोसरीच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पाणी किती गरम, एवढंच मला कळतं.

नम्रता नावाच्या इंजिनिअरने मला कर्वेनगरातल्या एका सोसायटीखाली, पावसाच्या पाण्याच्या गटारात टांगलं. हे गटार पुढे ज्या ओढ्याला मिळतं, त्याच्या काठी राहणाऱ्या सुशीलाबाईंच्या नातीला वर्षात दोनदा कावीळ झाली होती. त्यांच्या विहिरीत मैला झिरपत होता. तो येतो कुठून, ते शोधायचं होतं.

एप्रिल महिना. गटार कोरडं ठणठणीत हवं. वर सगळी सोसायटी दुपारची झोपलेली. आणि रोज बरोबर दोन वाजता अंधारातून काहीतरी कोमट सरकत यायचं. एकेचाळीस अंश, ताप चढलेल्या अंगाएवढं. मला चाटून ते निघून जायचं. मला घाम फुटत नाही, तशी सोय नाही. पण फुटला असता.

नम्रताने मला धुऊन पिशवीत घातलं आणि पाइपाचा माग काढला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या, सहा वर्षं कुलूपबंद असलेल्या फ्लॅटपाशी थांबला.

"मालक अमेरिकेत असतात. आत माणूस नाही," सेक्रेटरी रावसाहेब म्हणाले. "आणि एक ते चार आमच्याकडे भुतंसुद्धा झोपतात."

"मग ह्यो न्हातोय कोन?" सोबत आलेल्या सुशीलाबाई म्हणाल्या. "उघडा की दार."

अडीच वाजता दार उघडलं. फरशीवर धुळीची साय. तिच्यावर अनवाणी पावलांची ओली रांग, ड्राय बाल्कनीपासून दारापर्यंत. कपडे वाळत घालायच्या त्या बाल्कनीचं कोणीतरी संडास-बाथरूम केलं होतं आणि सगळं पावसाच्या पाइपाला जोडलं होतं.

सुशीलाबाईंनी वाकून पाहिलं. डाव्या पावलाच्या ठशाला करंगळी नव्हती. मग त्यांनी रावसाहेबांच्या पायांकडे पाहिलं. तिथेही नव्हती.

"किल्ली माझ्याकडेच असते," रावसाहेब पुटपुटले. "घरी दुपारी सुनेच्या ऑनलाइन मीटिंगा चालतात. नळाचा आवाज तिच्या साहेबांना ऐकू जातो म्हणे. म्हणून माझी अंघोळ इथे."

"अहो, पण हा पाइप पावसाचा आहे!" नम्रता म्हणाली.

"पाइप तो पाइप. खालीच जातो ना?"

"खाली माझी नात ऱ्हाते," सुशीलाबाई म्हणाल्या.

रावसाहेबांनी किल्ली नम्रताच्या हातात ठेवली.

जोडणी बदलली, विहीर उपसली. महिन्याभराने पाणी तपासणीत स्वच्छ निघालं आणि नात अंगणात उभी राहून तांब्याभर पाणी प्यायली. माझं नाव कोणी काढलं नाही. मी पुन्हा गटारात आहे. वायर उंदीर कुरतडतात.

मित्रांनो, घरात नवा नळ बसवाल तेव्हा पाणी कुठे जातं, तेवढं विचारा. काल सव्वातीनला दुसऱ्या बाजूने कोमट पाणी आलं. अडतीस अंश. कोणाचं, ते अजून कळलेलं नाही.

कळेल.