राजूबाईचा आभाळातला विळा

मी एक जुना विळा आहे. करजगीच्या राजूबाईच्या घरी खुंटीला अडकवलेला असतो. मित्रांनो, माझं वय मात्र विचारू नका. विळा झालो तेव्हापासून मोजू, की आभाळात लोखंड झालो तेव्हापासून? तिथंच माझा गोंधळ सुरू होतो.

निजामाच्या राज्यात एका उन्हाळ्यात, भरदुपारी, भीमण्णांच्या रानात आभाळातून गडगडत एक काळा गोळा पडला. तो मी. भीमण्णांनी लोहाराकडून माझा विळा करून घेतला आणि लेकीला, राजूबाईला, लग्नात दिला. ज्वारी कापायला मी, कडबा तोडायला मी. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि मी उगाच फुगायचो.

आमच्याकडे बाळाची नाळ घरच्याच विळ्यानं कापतात आणि मग तो बाळंतिणीच्या उशाखाली ठेवतात. राजूबाईच्या दोन लेकरांची नाळ मीच कापली. आठव्या दिवशी दोघांचाही जबडा आवळला, दूध ओढणं थांबलं, आणि दोघंही गेली. गावचे भटजी रामाचार्य, त्यांनी पंचांग पाहून सांगितलं, "आभाळातून पडलेलं लोखंड अशुभ. घरात नको."

मी अशुभ? ज्वारी कापताना तर कुणी तसं म्हटलं नव्हतं.

तिसऱ्यांदा दिवस भरत आले, तेव्हा राजूबाई मला विहिरीत टाकायला निघाली. बापानं दिलेली वस्तू, हातातून सुटेना. तेवढ्यात रामाचार्यांचा मुलगा व्यंकटेश तिथं आला. तो हैदराबादेत डॉक्टरी शिकत होता, सुट्टीला घरी आलेला.

"अक्का, विळा कामून टाकायलात?"

"आभाळातनं पडलाय ह्यो, अण्णा. माझी दोन लेकरं खाल्ली."

व्यंकटेशनं मला तिच्या हातातून घेतलं. "सूर्याच्या उजेडात शास्त्रज्ञांना लोखंडाची खूण सापडलीय, अक्का. तेच लोखंड ह्या विळ्यात आहे, अन् तेच आपल्या रगतात."

"माझ्या पोटातल्या लेकराच्या बी?"

"व्हय."

"मग आभाळातलं म्हनून त्येलाबी टाकू का?"

त्यानं माझ्या पात्यावरून बोट फिरवलं. मग त्यानं हळूच विचारलं, "नाळ कापायच्या आधी विळा कसा धुता?"

"धुवायचं काय? गोठ्यातनं आणला, पदराला पुसला."

"गोठ्यातल्या घाणीतला रोग नाळेतून आत जातो, अक्का. टाकू नका. पाण्यात चांगला उकळून घ्या."

मी गांगरलो. एका दमात मी सूर्याचा भाऊबंद झालो, आणि त्याच दमात कळलं की लेकरं माझ्याच पात्यानं गेली. वडाची साल पिंपळाला लावून सगळे आभाळाला बोल लावत होते. मी आनंद मानू की तोंड लपवू?

बाळंतपणाच्या दिवशी राजूबाईनं कळा सोसत सुइणीला मला उकळायला लावलं. आठवा दिवस उजाडला. उशाखाली मला फार भीती वाटत होती. बाळ रडलं, तोंड उघडलं आणि चुटूचुटू दूध ओढू लागलं. नववा दिवस गेला, दहावा गेला. मुलीचं नाव गुरुबाई ठेवलं.

आज गुरुबाईच मला घेऊन गवत कापते. कधी तिच्या बोटाला लागलो की थेंबभर रक्त येतं आणि मला वाटतं, हे आपलंच माणूस. पण मग ती दोन लेकरंही माझीच होती ना? ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, नव्या जिवाला लावण्याआधी आम्हाला उकळून घेत जा. आम्ही सूर्याच्या गोतातले असलो, तरी तुमच्या हातात गोठ्यातूनच येतो.