शेवरीचा उपास

अमृताचं पत्र श्रावणात आलं होतं. मार्गशीर्ष लागला तरी श्रीपतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र काही अवघड नव्हतं. अमृता त्यांच्या भावाची मुलगी. बदली होऊन नागपूरला गेली, तिथल्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं, म्हणून आपली पांढरी ससुली, शेवरी, लोणावळ्यात काकांकडे ठेवून गेली. तिनं एवढंच विचारलं होतं : ‘काका, शेवरी कायमची तुमच्याकडे राहील का? जमणार नसेल तर संकोच करू नका. पुण्यातली माझी मैत्रीण तिला न्यायला तयार आहे.’

फोनवर काकांची जीभ टाळ्याला चिकटते, हे ठाऊक असल्यानं तिनं मुद्दाम पत्र लिहिलं होतं. पण कागदावरही त्यांचं तेच. सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात झाली. कुणाला कुठलं पुस्तक द्यावं हे त्यांना चटकन सुचे. स्वतःबद्दल एक वाक्य मात्र धड उतरत नसे. ‘राहू दे’ लिहावं, तर आपल्या हातून हेळसांड झाली म्हणजे? ‘घेऊन जा’ लिहायला हात धजावत नसे. मध्ये तिचा फोन आला तेव्हा “पत्रानं कळवतो” म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

मग एका सकाळी शेवरीनं स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यांच्या मफलरवर घरटं रचलेलं दिसलं. घरात दुसरा ससा नव्हता, तेव्हा पिल्लांचा प्रश्नच नव्हता. तुंगार्लीच्या डॉक्टर चैतालींनी तिला तपासलं.

“पोटुशी असल्याचा भास होतो त्यांना. पुन्हा पुन्हा होईल, आजोबा. आणि वय वाढलं की माद्यांना गर्भाशयात गाठी होण्याचा धोका मोठा असतो. आत्ता ती धडधाकट आहे, तोवर पिशवी काढून टाकू. काही विचारायचंय?”

श्रीपतरावांना बरंच विचारायचं होतं. ते “नाही” म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, वडिवळ्याहून घरकामाला येणाऱ्या शालूबाईंनी निघताना पिंजऱ्यातलं गवत काढून घेतलं.

“आपरेशन हाय म्हंजी पोट रिकामं पायजे, आबा. आमच्या धाकल्या जावंला पानीबी दिलं न्हवतं.”

श्रीपतरावांना स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं. त्यांनाही ते पटलं.

“उपासच म्हणायचा तिला.”

“व्हय. करू द्या की तिलाबी येक येकादशी.”

सकाळी दवाखान्यात चैतालींनी विचारलं, “काय खाल्लं हिनं?”

“काही नाही. रात्रीपासून कडक उपास,” श्रीपतराव जरा अभिमानानंच म्हणाले.

चैतालींनी पिंजऱ्याचं दार पुन्हा लावलं. “आजोबा, सशाला उलटी होतच नाही. त्यामुळे माणसासारखं त्याला उपाशी ठेवायचं कारण नसतं. उलट त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. ते थांबलं, तर तेच जिवावर बेततं. आज नको. घरी न्या, पोटभर गवत घाला, उद्या या. मीच आधी सांगायला हवं होतं.”

रिक्षात मांडीवर पिंजरा धरून बसलेल्या श्रीपतरावांच्या मनात पत्राचं उत्तर आपोआप तयार झालं : घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी शेवरी खाऊनपिऊन गेली, आणि ऑपरेशन नीट पार पडलं. या वेळी चैतालींनी कुणी विचारायची वाट पाहिली नाही. खाली भुसा नको, टाक्यांना चिकटतो. स्वच्छ टॉवेल घाला. ऊब राहू द्या. उड्या मारू देऊ नका, टाके चावत नाही ना बघा, दुखण्याचं औषध चुकवू नका. “आणि मुख्य म्हणजे संध्याकाळपर्यंत तिनं तोंड हलवलं पाहिजे, लेंड्या पडल्या पाहिजेत. नाहीच खाल्लं तर फोन करा. मग सिरिंजनं भरवावं लागेल.”

घरी आल्यावर शेवरी कोपऱ्यात अंग चोरून बसली. श्रीपतराव तिच्यासमोर पाट टाकून बसले. कोथिंबीर पुढे केली. तिनं नाक फिरवलं. शालूबाईंनी बांधावरचं वाळलेलं गवत आणि मूठभर हरळी आणली होती. तीही तशीच पडून राहिली. ऊन भिंतीवर चढलं.

“आबा, तुमी आसं टक लावून बसल्यावर ती खाईल व्हय? नवी नवरीबी लाजंल.”

“नाही खाल्लं तर?”

“मंग डाक्टरीन हाय की. तवर डोळं तरी मिटा.”

श्रीपतरावांना लग्नाच्या पंगती आठवल्या. वाढपी जिलबीचं ताट घेऊन उभा, यजमान ‘घ्या हो, लाजताय काय’ म्हणत वाकलेले, आणि दोन्ही बाजूंचे लोक श्रीपतरावांच्याच पानाकडे बघताहेत. त्यांचा घास घशाखाली उतरत नसे. कितीतरी लग्नांतून ते अर्धपोटी घरी आले होते आणि दूधपोहे खाऊन झोपले होते. आणि आज तेच या एवढ्याशा जिवाला आग्रह करत होते.

ते उठले. शेवरीकडे पाठ करून टेबलाशी जाऊन बसले. हाताला काहीतरी काम हवं, म्हणून अमृताचं पत्र काढलं, कोरा कागद घेतला. ‘चि. अमृतास अनेक आशीर्वाद. शेवरीला तुझ्या मैत्रिणीकडे’ एवढं लिहून पेन अडलं.

मागून बारीक आवाज आला. वाळक्या गवताचा. करकर, मग शांत, मग पुन्हा करकर. शालूबाई दारातून बघत होत्या. त्या काहीतरी बोलणार, एवढ्यात श्रीपतरावांनी मागे न बघताच हात वर केला. दिवा लावायची वेळ झाली तरी ते तसेच, भिंतीकडे तोंड करून बसून होते.

“घ्या आबा,” शेवटी शालूबाई टॉवेलकडे वाकून म्हणाल्या, “लेंड्यांचं हरबरं पडलं. आता तुमीबी दोन घास खावा. म्या बगत न्हाई.”

श्रीपतरावांनी अर्धं लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला.

‘शेवरी इथंच राहील. तिचं ऑपरेशन झालं, आता खाते आहे. आदल्या दिवशी मी चुकून तिला उपाशी ठेवलं होतं, ते तुला कळायला हवं. माझ्या हातून पुढेही चुका होतील. पण डॉक्टरांना आता विचारत जाईन. तू भेटायला येशील तेव्हा ती खात असताना तिच्याकडे बघू नकोस, एवढं मात्र कर.’

सकाळी कोथिंबीर आणायला निघताना त्यांनी पाकीट बरोबर घेतलं. टपालपेटीच्या तोंडाशी ते धरून थोडे घुटमळले. पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी पाकीट सोडलं.