विजेचं गणित

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि त्यांना तीनने भागायचं. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. नववीच्या वर्गाला हे मीच शिकवलं. वर फुशारकीही मारली, "हे विज्ञान वावरात कामी पडते, पोट्टेहो!"

कामी पडलं. ऑक्टोबरात नेरच्या बाजूनं आभाळ भरून आलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या समीक्षाच्या वावरात कापलेल्या सोयाबीनची गंजी उघडी होती. तिची माय, बेबीताई, ताडपत्री घेऊन गोठ्याच्या दारात थांबली होती. वीज चमकली. समीक्षानं बोटांवर सेकंद मोजले. नऊ झाले.

"तीन किलोमीटर दूर हाय, माय. जाय तू, झाकून ये."

बेबीताई गेली. पुढच्या विजेनं मोजायला एक सेकंदही दिला नाही.

तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर उघड्यावर पाऊल टाकायचं नाही, हे मला ठाऊक होतं. शिकवलं नाही, कारण ते परीक्षेत येत नाही. थू माझ्या मास्तरकीवर!

सहामाहीचा पेपर मी आधीच काढून ठेवला होता. तेरवी झाल्यावर समीक्षा परीक्षेला बसली. पेपरात विजेचं गणित होतंच. तिनं ते अचूक सोडवलं. मी दोनपैकी दोन गुण दिले, आणि मग उत्तराखालची ओळ दिसली.

"सर, पुढची वीज कुठं पडणार, ते कसं काढायचं?"