फणकारबाईची पाठ

गेली चाळीस वर्षं या गावात मी बदक म्हणून वावरते आहे आणि याला जबाबदार माझा नवरा आहे.

माझं नाव आपोलिना. नवऱ्याचं मिंगेल. वेंगुर्ल्याच्या जरा पुढे आमचं घर, मागे काजूची बाग, समोरचा रस्ता ओलांडला की समुद्र. मिंगेल मुंबईला कार्टून फिल्मच्या एका स्टुडिओत चित्रं काढायला होता. तिथे त्यांनी ‘भोपळनगरचा दरबार’ नावाचा सिनेमा केला, सगळा हाताने काढलेला. त्यात फणकारबाई नावाची एक बदकीण आहे. ती कुणाचं ऐकून घेत नाही. कुणी काही बोललं की फणकारते, पाठ फिरवते आणि मान झटकत, डुलत डुलत तरातरा निघून जाते. टीव्हीवर तो सिनेमा लागला तेव्हा पोरंटोरं तिच्यावर खूश झाली. पुढच्या सुट्टीत मिंगेल गावी आला आणि तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात बसून त्याने जाहीर केलं की ती चाल त्याने आपल्या बायकोची उचलली आहे.

झालं. त्या दिवसापासून माझं नाव गेलं ते गेलंच.

मी बाजारात गेले की मासे विकणारी राधाबाई शेजारणीला कोपराने ढोसते. चर्चच्या फेस्ताला मी रांगेत उभी राहिले की मागची पोरं डुलायला लागतात. एकदा आमच्या गावात बिशप आले होते. मी खाली वाकून त्यांची अंगठी चुंबली, तर ते हसून म्हणाले, ‘तुम्हीच का त्या?’ मिंगेलने त्यांनासुद्धा सोडलं नव्हतं. बारसं असो, लग्न असो, मयताचं जेवण असो, चार माणसं बसली की याची गजाल सुरू. आधी रंगांची गोष्ट, मग तीन पायांच्या बदकाची गोष्ट, आणि शेवटी, लोक कंटाळतील असं वाटलं की, माझी. लोक खो खो हसायचे. हसू आलं की याची गजाल संपायची आणि मी ताटं उचलायला लागायचे.

बरं, मी तो सिनेमा कधी धड पाहिलाही नव्हता. शेजारच्या हौसाबाईच्या घरी टीव्ही होता, तिथे अख्खी वाडी जमली होती. फणकारबाई पडद्यावर आली आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उठून निघून गेले. मागून जो काय हशा झाला, तो मला आमच्या घरापर्यंत ऐकू येत होता. त्यानंतर त्या सिनेमाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं.

स्टुडिओ बंद पडला, मिंगेल कायमचा घरी आला, तेव्हा वाटलं होतं, आता जुनं होईल हे. जुनं होण्याऐवजी ते इंटरनेटवर गेलं. लहानपणी तो सिनेमा पाहिलेली पोरं आता टक्कल पडायच्या वयाला आली आहेत आणि त्यांना त्यातलं एकेक खोदून काढायचंय. तळ्यातलं पाणी कसं हलवलं? काचेवर एरंडेल ओतून. फणकारबाईच्या पावलांचा आवाज कसला? मोरीत ओली रबरी चप्पल आपटली, तो. असल्या गोष्टी एकमेकांना सांगून माणसं इतकी हरखतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तर गेल्या महिन्यात पुण्याहून तन्वी नावाच्या मुलीचा फोन आला. जुन्या कार्टून सिनेमांच्या पडद्यामागच्या गोष्टी सांगणारं तिचं चॅनेल आहे. ‘भोपळनगर’ची एक चांगली प्रत कुठल्याशा गोदामात सापडली होती, ती साफसूफ करून कायमची जतन करायचं चाललं होतं. स्टुडिओतल्या माणसांपैकी मिंगेलच काय तो उरला होता. तो जे सांगेल ते सिनेमाच्या बरोबरीने जपून ठेवणार होते.

कायमचं! म्हणजे मी मेल्यावरही बदकच राहणार होते. मी बांगडे कापत होते, हातातली सुरी खाली ठेवली.

‘मिंगेल,’ मी म्हटलं, ‘तेंका रंगांचा सांग, पाण्याचा सांग, काय होया ता सांग. पण बदकाच्या चालीत माझा नाव काढलंस तर मी ग्लेनिशाकडे म्हापशाक जातलंय. मगे तुझे बांगडे तूच तळ.’

ग्लेनिशा आमची मुलगी. मी तिच्याकडे गेले की आठ-पंधरा दिवस परत येत नाही, हे त्याला माहीत आहे.

‘नाय सांगणंय,’ तो म्हणाला.

‘नक्की?’

‘नक्की गो. किती येळा सांगू?’

तन्वी आली ती दोन पिशव्या भरून यंत्रं घेऊन. चाळिशीची असेल, पण सिनेमाचं नाव निघालं की शाळकरी पोरीसारखी बोलायची. तिने व्हरांड्यात कॅमेरा लावला, मिंगेलच्या शर्टाला माईक अडकवला. मी तिला काजूगर घातलेली उसळ आणि पोळे खायला दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन नारळ खवायला बसले. मधलं दार उघडं ठेवलं. कान तिथेच होते.

मिंगेल कॅमेऱ्यासमोर पुस्तकी मराठीत बोलायला लागला. सरकारी कचेरीत गेला की बोलतो तशी. ‘चित्र आम्ही सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर काढायचो. रेघ पुढून आणि रंग मागून भरायचा, म्हणजे पुढून ब्रशचे फटकारे दिसत नाहीत.’ पावसाळ्यात रंग वाळायचा नाही, पत्रे एकमेकांना चिकटायचे, ते सगळं त्याने सांगितलं. पत्र्यांची चणचण, म्हणून चित्रीकरण झालं की जुने धुऊन पुन्हा वापरायचे. एका धुतलेल्या पत्र्यावर आधीच्या बदकाचा एक पाय तसाच राहिला आणि तीन पायांचं बदक पडद्यावर गेलं. तन्वी हसली. मी मनात म्हटलं, आता येणार. याची गोष्टींची ओळ ठरलेली आहे.

‘काका, आता लोकांचा सगळ्यात आवडता प्रश्न,’ तन्वी म्हणाली. ‘फणकारबाई आपल्याला जवळजवळ नेहमी पाठमोरी दिसते. का? कुणी म्हणतं, चोच हलवायची चित्रं वाचवायला. कुणी म्हणतं, तिचा आवाज देणारी बाई मधेच सोडून गेली. आणि ती चाल! ती नेमकी कुणाची आहे हो?’

माझा खवणीवरचा हात थांबला.

‘बदकाची,’ मिंगेल म्हणाला. ‘बदक बदकासारखंच चालणार. आणि पाठमोरं काढायला सोपं.’

‘एवढंच?’ तिचा आवाज पडला.

‘एवढंच.’

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंसुद्धा, अर्धी वाटी खोबरं होईपर्यंत. मग मी खवणी बाजूला सारली. चाळीस वर्षं या माणसापायी मी टोमणे खाल्ले. राधाबाईचं कोपर सोसलं, बिशपचं हसू सोसलं. आणि आता कुठे कायमचं म्हणून लिहिलं जाणार, तर मी नव्हतेच? कुठल्याशा तळ्यातलं कुठलंसं बदक होतं? मिंगेलने वचन पाळलं होतं. एवढ्या वर्षांत एकदाच, आणि तेही आजच. मला त्याचा असा राग आला की हात न धुताच मी बाहेर गेले.

‘खोटं बोलतोय तो,’ मी तन्वीला म्हटलं. ‘ती मी आहे.’

मिंगेलने कपाळाला हात लावला. ‘अगो, तूच सांगितलंस मा, सांगू नुको म्हणान!’

‘सांगू नुको म्हटलंय. माका पुसून टाक म्हणाक नाय.’

‘आता ह्या दोघांत फरक काय?’

‘तुका कळाचो नाय.’

तन्वीने एव्हाना माझ्यासाठी खुर्ची ओढली होती. तिचे डोळे हे एवढे झाले होते. ‘काकू, तुम्ही फणकारबाई? खरंच?’ असं तिने तीनदा विचारलं, आणि तिच्या विचारण्यात हसणं नव्हतं, म्हणून मी बसले. मग तिने लॅपटॉप उघडला आणि साफ केलेला तो सिनेमा लावला. रंग अगदी कालच भरल्यासारखे. दरबार भरलाय, भोपळनगरचा राजा काहीतरी बोलतो, फणकारबाई फणकारते आणि पाठ फिरवते.

मी पहिल्यांदा नीट पाहिलं. डाव्या काखेत टोपली. उजवा हात, म्हणजे पंख, अंगापासून जरा लांब धरलेला. जड पावलं, पण भरभर टाकलेली. आणि दर दोन पावलांनी मानेला एक झटका. ती लांब लांब होत जाते आणि वळणावर दिसेनाशी होते. वळण आमच्या तिठ्याचं होतं. डाव्या अंगाला तिथला वडसुद्धा होता.

‘मिंगेल,’ मी म्हटलं, ‘ह्या खंय बघितलंस तू?’

त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. तन्वीने हळूच पुन्हा विचारलं, ‘काका, पाठमोरी का?’

तेव्हा मिंगेल पुस्तकी मराठी विसरला.

‘माका हिची पाठच तितकी म्हायत होती गो,’ तो म्हणाला. ‘मी मुंबयक गावच्या माणसांच्या क्लबात रवायचंय. ट्रंकांची खोली, सगळे पुरुष. थय बायलेक आणूक मिळा नाय. ही हय गावाक, माझी आवय, गुरां आणि काजी सांभाळीत. वर्साक दोनदा घराक येयचंय, मे म्हयन्यात नि नाताळाक. परत जाताना ही तिठ्यार सोडूक येयची. माका यष्टीत बसवलान की टोपली घेऊन लगेच फिरायची. गाडी सुटाची पण वाट बघूची नाय. मी मागच्या सीटवर बसान खिडकेतसून बघायचंय. वळणापर्यंत दिसायची. मगे सा म्हयने तीच माझ्या डोळ्यांफुडे. साहेबान सांगितल्यान, रागीट बदकीण काढ. मी आणि काय काढू?’

‘रागीट?’ मी म्हटलं.

‘मगे? दर खेपेक तरातरा जायचंस. कधी म्हणान मागे बघूक नाय. मी मनात म्हणायचंय, आपोलिनाचो राग काय जाणा नाय. आपण हिका हय टाकून जातंव, ता हिका खपणा नाय. गावात हसान सांगायचंय, पण माका ता टोचायचा.’

इतक्या वर्षांत हा भाग त्याने कुणाला सांगितला नव्हता. लोक त्याच्या आधीच हसायला लागायचे.

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. किती मूर्ख माणूस आहे हा, हेच पहिल्यांदा मनात आलं. लग्नानंतर हा पहिल्यांदा मुंबईला निघाला तेव्हाच याच्या आईने मला बजावलं होतं की जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नाही आणि सोडायला गेलेल्या बाईने मागे वळून बघायचं नाही, त्याचा पाय जड होतो, वाटेत अपघात होतात. याच्याच घरातली रीत. हा त्याच घरात वाढला आणि याला वाटलं, बायको रुसली.

आणि रीत नसती तरी मी वळले नसते. तिठ्यावर चहाचं दुकान, सायकलचं दुकान, तिथे सगळे ओळखीचे. गाडीत नवऱ्याला बसवलं की माझ्या डोळ्यांना धारा लागायच्या. हुंदका आला की मी मान झटकून तो गिळायचे आणि वळण येईपर्यंत पाय उचलायचे. वळणापलीकडे एक बुटका दगडी गडगा आहे, त्याच्यावर बसून मग काय ते रडून घ्यायचे. हे मी माझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. आता मिंगेलला सांगायचं तर समोर कॅमेरा, त्याचा लाल दिवा चालू. पण चाळीस वर्षांचा ताप होता, आणखी किती काढायचा?

‘रागान नाय जायचंय रे मेल्या,’ मी म्हटलं. ‘रडत जायचंय.’

मिंगेलचं तोंड उघडं राहिलं. ‘रडत?’

‘मगे काय नाचत?’

‘दर खेपेक?’

‘दर खेपेक.’

त्याने शर्टावरचा माईक चाचपला. तन्वीने कॅमेरा बंद करू का, असं मला खुणेने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, आता काय राहिलंय लपवायचं.

‘मगे माझा चित्र चुकला,’ मिंगेल म्हणाला. ‘सगळा चुकला.’

त्याने तन्वीला तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि सावकाश. तिने तो एकेक चित्र थांबत थांबत पुढे नेला. मिंगेलने चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावून बसला. पंख अंगापासून लांब, पाऊल, पाऊल, मानेला झटका. झटक्याच्या आधी खांदे जरासे वर उचललेले. ते त्याने स्वतःच्या हाताने, एकेक करून काढले होते, मुंबईत, कसल्या कसल्या उकाड्यात बसून. फणकारबाई वळणावर पोचली तेव्हा त्याने माझ्या मनगटाला धरलं. माझ्या हाताचं खोबरं त्याच्या बाहीला लागलं.

‘ही रडता गो,’ तो म्हणाला.

‘मगे मगासपासून काय सांगतंय तुका,’ मी म्हटलं.